सर्वत्र शांतता आहे?

डोळ्यांच्या दवाखान्यात बसायला बाक मिळणं म्हणजे लॉटरीच. आत्याला ती लागली, कारण तिची भाचेसून गर्दीत कोपर घालण्यात पटाईत होती. आदल्या दिवशी आत्याच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता, डाव्यातला अजून बाकी होता. आज पट्टी सुटली, काळा चष्मा चढला, आणि आता डोळ्यात थेंब घालून डॉक्टर बोलावतील तोवर बसून राहायचं होतं. समोर माणसं हलत होती, पण चेहरा एकालाही नव्हता. ओल्या पाटीवर हात फिरवावा तसं सगळं फिसकटलेलं.

दिसेनासं झालं की माणूस कान टवकारतो, आणि आत्याने तर जन्मभर कानांच्याच जिवावर पगार खाल्लेला. बसल्या बसल्या तिने ठरवून टाकलं होतं, की डावीकडचा गृहस्थ बायकोला वचकून आहे आणि औषधं देणाऱ्या मुलीची दाढ दुखतेय. एवढ्यात मागच्या बाकावरून कोणी बाई मोबाईलवर म्हणाली, "सोडू नकोस हं, लाईनवर राहा. विचारून सांगते."

आत्याच्या मांडीवरची पिशवी घसरून खाली पडली. लाईनवर राहा, असं हल्ली कोणी म्हणत नाही हे खरं. पण तो आवाज! किंचित घोगरा, घाईतही न घसरणारा, आणि शेवटच्या 'हं'मध्ये पाठीवर हात ठेवल्यासारखा दिलासा. आत्या वळली. मागे काळ्या चष्म्याचा एक ठिपका तेवढा दिसला.

"बंदर?" आत्याने विचारलं.

मोबाईलमधून मुलगा "आई, आई" करत राहिला. मग तोच आवाज, अगदी हळू आला. "जंक्शन बोलतंय का?"

भाचेसून पिशवीतलं सामान गोळा करता करता थबकली. दोन म्हाताऱ्या बाकाच्या पाठीवरून एकमेकींचे हात चाचपडत होत्या, आणि दोघींच्याही चष्म्याखालून पाणी वाहत होतं. डोळ्यांना पाणी लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी कालच बजावलं होतं.

"तुम्ही ओळखता एकमेकींना?" तिने विचारलं.

"नाही गं," आत्या म्हणाली. "कधी पाहिलेलंच नाही."

ते खरंच होतं. पाहिलं त्या दिवशीही नव्हतंच म्हणा.

*

आत्या विशीत असताना जंक्शनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. नाव जंक्शन, कारण तिथे रेल्वेचे फाटे फुटायचे. पोस्टाच्या वरच्या मजल्यावर एक लांबलचक खोली, तिच्या एका भिंतीला माणसाहून उंच बोर्ड, बोर्डावर भोकांच्या रांगाच रांगा. कोणी फोन उचलला की त्याच्या भोकावरची पितळी टिकली टपकन खाली पडायची. मग मुलीने कॉर्ड उचलायची, पिन खुपसायची, "नंबर?" म्हणायचं, दुसरी पिन दुसऱ्या भोकात, "बोलताय?" आणि शेवटी "झालं?" दिवसभर हेच. उंच स्टुलांवर मुली ओळीने बसायच्या, कानाला हेडफोन, छातीवर बोलायचा भोंगा, आणि त्यांच्या पाठीमागून मोठ्या बाई रबरी तळव्यांच्या चपला घालून फिरायच्या. त्या कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळायचं नाही.

नियम पुष्कळ होते. हसायचं नाही, गिऱ्हाइकाशी गप्पा नाहीत, बाहेरगावचा कॉल तीन मिनिटांवर तोडायचा, आणि आपलं नाव कोणाला सांगायचं नाही. त्यामुळे गावोगावच्या एक्स्चेंजमधल्या मुली एकमेकींना गावाच्याच खुणेने ओळखायच्या. ही जंक्शन, ती बंदर, ती खाण, ती टेकडी. खाणीच्या बाईला दमा होता. टेकडीचं एक्स्चेंज बहुधा कोणाच्या घराच्या ओसरीवर असावं, कारण तिच्यामागे सतत कोंबड्या ओरडायच्या. आणि बंदरचा आवाज हा असा. वर्षानुवर्षं रोज बोलायचं, आजारपण आवाजावरून ओळखायचं, आणि रस्त्यात समोर आली तर धक्का देऊन पुढे जायचं, असली ती मैत्री.

आत्याला मुली 'घड्याळ' म्हणायच्या. तीन मिनिटं झाली की लग्न जुळवणारा असो की निरोप देणारा, ती पिन उपटायची. तिच्या बोर्डावर एक छोटं घड्याळ ठेवलेलं असे, आणि त्याच्यावर तिचा देवासारखा विश्वास. नियम आहे म्हणून सगळ्यांना फोन मिळतो, असं ती म्हणायची, आणि त्यात काही चूकही नव्हतं.

मग ते वर्ष आलं.

बंदरच्या हमालांनी काम थांबवलं. विद्यार्थी त्यांना जाऊन मिळाले. मग गाड्या भरभरून सैनिक गेले. वर्तमानपत्रांत अर्धी पानं कोरी यायला लागली आणि रेडिओवर सकाळपासून बँड वाजायचा. कोणाचा मुलगा बंदरात शिकायला, कोणाचा नवरा जहाजावर. कळायला मार्ग नाही. अशात एक्स्चेंजच्या भिंतीवर हुकूम लागला. बंदरला खाजगी कॉल जोडायचा नाही, तिथून आलेला घ्यायचा नाही. आणि बाहेरगावचा कुठलाही कॉल जोडण्याआधी मुलीने गिऱ्हाइकाला एक वाक्य ऐकवायचं: 'देशात सर्वत्र शांतता आहे.' ते नीट ऐकवलं जातं की नाही हे पाहायला वरून एक साहेब आला, दाराशी खुर्ची टाकून बसला, आणि हवी ती लाईन ऐकायला त्याला एक हेडफोन दिला गेला. मुलींनी त्याचं नाव शांततासाहेब ठेवलं, ते अर्थात मनात.

पहिल्या दिवशी आत्याकडे एका धान्याच्या व्यापाऱ्याचा खाणीला कॉल आला. तिने हुकमाप्रमाणे वाक्य म्हटलं. पण दिवसभर "नंबर?", "बोलताय?", "झालं?" असं विचारून विचारून तिच्या गळ्याला शेवटी वर जायची सवय झालेली. वाक्य तोंडातून बाहेर पडलं ते असं: "देशात सर्वत्र शांतता आहे?"

मग व्यापारी म्हणाला, "मला विचारताय? मला तर काही तसं दिसत नाही बुवा." आणि तो हसला. नुसता हसला नाही, हसत सुटला. कित्येक आठवड्यांत लाईनवर कोणी हसलेलं आत्याने ऐकलं नव्हतं.

ती पार गांगरली. पुढच्या कॉलला तिने सूर खाली आणायचा प्रयत्न केला, तर वाक्य शोकसभेत म्हटल्यासारखं वाटलं आणि पलीकडची बाई घाबरून विचारायला लागली, काय झालं, कोण गेलं? तिसऱ्या कॉलला पुन्हा सूर वर गेला. चौथ्यालाही. आणि पाचव्या-सहाव्या कॉलपर्यंत आत्याच्या लक्षात आलं, की तो खाली आणायची तिची इच्छाच उरलेली नाही.

हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगणार कोणाला? नियमाची कट्टर बाई ती. चोरून साखर खाणाऱ्या पोरीसारखं तिला वाटायचं. भीती होती, आणि गोडही लागत होतं. चार-आठ दिवसांनी तिचं शेजारच्या स्टुलाकडे लक्ष गेलं. मुली जिला लाजाळू म्हणायच्या, ती तिथे बसायची. हिला मोठ्या बाईंनी नुसतं पाहिलं तरी हिची पिन भलत्या भोकात जायची. ती लाजाळू अगदी मान खाली घालून, गोड आवाजात, एका कारखानदाराला विचारत होती, "देशात सर्वत्र शांतता आहे?" तिच्यापलीकडचीही तेच. तिच्यापलीकडचीही. प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकटीच हे करतोय आणि बाकीच्या सरळमार्गी आहेत.

मग बाहेरगावाहून येणारे कॉल ती कान देऊन ऐकायला लागली. खाणीची बाई मधेच खोकून घ्यायची, "देशात सर्वत्र", खोकला, खोकला, "शांतता आहे?" टेकडीने विचारलं की मागून कोंबड्या उत्तर द्यायच्या. बंदरला तर आता फक्त सरकारी कॉल होते. ती कमिशनरसाहेबांनाही तितक्याच आदबीने विचारायची, आणि कमिशनरसाहेब एकदा चुकून "नाही हो," म्हणून गेले होते.

तिथून ते वाक्य रस्त्यावर आलं. दूधवाला दार वाजवून आधी तेवढं विचारायचा, मग माप पुढे करायचा. शिंप्याच्या दुकानात, न्हाव्याच्या खुर्चीत, शाळेत मास्तर वर्गात शिरताना, तेच. नवऱ्याला घरी यायला उशीर झाला की तो उंबऱ्याबाहेरूनच बायकोला विचारायचा, सर्वत्र शांतता आहे? बोलायला बंदी होती, पण सरकारचंच वाक्य म्हणायला बंदी कशी घालणार? आत्याचा भाऊ रेल्वेत कारकून, फार जपून वागणारा माणूस. तोही एकदा जेवताना म्हणाला, "कुठून काढलं असेल लोकांनी हे?" आत्या खाली मान घालून जेवत राहिली. तिला त्या घासाची चव अजून आठवते म्हणे.

शांततासाहेबाची मात्र पंचाईत झाली. वरती लिहून काय पाठवणार? शब्द न् शब्द हुकमातलाच. शेवटी त्याने लिहिलं, 'वाक्य बरोबर, सूर संशयास्पद.' त्यावर मुख्य कचेरीतून एक वरिष्ठ आले. मुलींना ओळीने उभं करून त्यांनी एकेकीकडून वाक्य म्हणून घेतलं. सगळ्यांनी शाळेतल्या हजेरीसारखं सपाट म्हटलं. वरिष्ठ शांततासाहेबाला म्हणाले, यात काय चुकतंय? तो म्हणाला, साहेब, असं नाही म्हणत त्या. मग कसं म्हणतात, ते म्हणून दाखवा. त्याने म्हणून दाखवलं. झकास दाखवलं. वरिष्ठ म्हणाले, आता बरोबर कसं, ते म्हणा. आणि बिचाऱ्याला ते येईना. महिनोन्महिने दिवसभर कानावर तोच सूर पडलेला. तीनदा म्हटलं, तिन्ही वेळा शेवटी गळा वर गेला. मुलींनी ओठ असे आवळले होते की लाजाळूच्या ओठातून रक्त आलं.

वरिष्ठांनी मोठ्या बाईंकडे खुलासा मागितला. सगळ्यांना वाटलं, आता बाई नावं सांगणार. लवंग चघळली म्हणून मुलींची तक्रार करणाऱ्या बाई त्या.

"साहेब," बाई म्हणाल्या, "या मुली दिवसभर विचारायचंच काम करतात. सूर वर जाणारच. तुम्ही वाक्य बदलून द्या."

"कसं बदलून?"

"ते मला नाही सांगता यायचं. पण माझा अनुभव असा आहे, की खरं वाक्य असलं की ते आपलं आपण खाली बसतं."

त्या आठवड्यात मोठ्या बाईंना मुदतीआधी निवृत्त केलं. जाताना त्यांनी भाषण केलं नाही. बोर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालत गेल्या, एका स्टुलामागे थांबून लोंबणारी कॉर्ड सरळ केली, आणि छत्री घेऊन जिना उतरल्या.

त्यानंतर खोली घाबरली. आत्याही घाबरली. सगळ्या जणी वाक्य सपाट म्हणायला लागल्या, आणि गिऱ्हाइकं निमूट ऐकायला लागली. शांततासाहेबालासुद्धा करमेना, तो खुर्चीत पेंगायचा.

अशाच एका दुपारी बंदरची टिकली पडली. आत्याला वाटलं, सरकारी कॉल. तिने पिन घातली.

"जंक्शन," बंदरचा आवाज नेहमीसारखाच होता, जरा जास्तच नेहमीसारखा. "मी दवाखान्याची लाईन धरून आहे. काल धक्क्यावर गोळ्या झाडल्या. इथे एक मुलगा आहे, तुमच्या गावचा. आईला 'मी आहे' एवढंच सांगायचंय. जोडतेस का?"

आत्या म्हणाली, "नियम नाही."

"नियम नाही ते मला माहीत आहे गं. मी नियम विचारला नाही. जोडतेस का, एवढंच विचारलं."

आत्याने घड्याळाकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा तिला ते घड्याळ आपल्याकडे पाहतंय असं वाटलं. तिने ते उचललं आणि पालथं घातलं. मग नंबर विचारला.

नंबर एका किराणा दुकानाचा होता. आईच्या घरी फोन नव्हता. दुकानदार कोणाला तरी धाडून तिला बोलावून आणणार, तोवर लाईन धरून ठेवायची. आत्या एका कानाने बंदरचा श्वास ऐकत होती, दुसऱ्या कानाने दुकानातला आवाज. कोणीतरी साबण मागत होतं. खूप वेळ गेला. मग धापा टाकत बाई आली. मुलगा म्हणाला, आई, मी आहे, पायाला लागलंय.

"कुठला पाय?" तिने मुलाला विचारलं.

"डावा."

"बरं. डावा." थोडं थांबून ती म्हणाली, "जेवलास का?"

तो जेवला होता. काय जेवला ते तिने विचारलं, त्याने सांगितलं. शेजारच्या खाटेवर कोण आहे ते विचारलं. संपाबद्दल, गोळ्यांबद्दल अक्षर नाही. त्या दोघांना बहुधा फक्त एकमेकांचा आवाज हवा होता, आणि शब्द काहीतरी घालायचे म्हणून घालत होते. आत्याने ऐकायला नको होतं, पण तिला हेडफोन काढवेना.

तेवढ्यात तिच्यामागे कोणी येऊन उभं राहिलं. शांततासाहेब. त्याने आपला हेडफोन कानाला लावलेला होता.

"हा कुठला कॉल?"

"सरकारी," आत्या म्हणाली.

"सरकारी?"

"सरकारी दवाखान्यातून आलाय."

पिन उपटायला त्याने हात पुढे करायचाच अवकाश होता. त्याने तो केला नाही. आई मुलाला पांघरूण नीट घे म्हणत होती. साहेब ते सगळं उभ्याने ऐकत राहिला, पार शेवटापर्यंत. मग खुर्चीत जाऊन बसला आणि आत्याची तक्रार लिहिली. दोन्ही गोष्टी त्याच माणसाने केल्या. आत्या पुढे आयुष्यभर त्याचा हिशेब लावायला गेली की अडायची. तिला त्याचा राग आला नाही, आणि त्याला माफ करायचंही कधी जमलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आत्याची रवानगी तळघरातल्या भांडारात झाली, मोडके हेडफोन निवडायला. आपलं सामान आणायला ती वर गेली, तेव्हा खोलीत भलतीच लगबग होती. लाजाळूच्या बोर्डावर बंदरच्या भोकात पिन होती. तिच्यापलीकडच्या मुलीच्याही. दुकानदाराने बातमी गावभर नेली होती, आणि खाली पोस्टाच्या दारात आया उभ्या होत्या. सगळ्याच मुलींना भांडारात पाठवायचं तर सरकारचे फोन तरी कोण जोडणार? वरिष्ठांनी दोनदा धमकी दिली, मग हुकूम भिंतीवर तसाच राहिला आणि त्याच्याकडे बघायचं सगळ्यांनीच सोडून दिलं.

पुढे निवडणूक आली, सरकार पडलं. आत्याला पुन्हा बोर्डावर घेतलं. तिने पहिली पिन घातली ती बंदरला. पलीकडे नवाच आवाज होता, कोवळा, भित्रा.

"आधीची बंदर कुठे आहे?" आत्याने विचारलं.

"माहिती द्यायचा नियम नाही," नवा आवाज म्हणाला.

नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही, शोधणार कशी? आत्याने मनाशी धरून ठेवलं होतं, की तिला त्या दिवसांत मारून टाकलं असणार.

*

"मारतात कशाला," बंदर म्हणाली. "तीन महिने तुरुंगात ठेवलं. तिथली जेलर चांगली होती, पण घोरायची." दवाखान्याच्या आवारात चहाची टपरी होती. भाचेसुनेने दोघींना तिथे नेऊन बसवलं आणि स्वतः पेला हातात धरून विसरून गेली. बंदर तुरुंगातून सुटली, नोकरी गेलेलीच होती. तिने शाळेजवळ वह्या-पेन्सिलींचं दुकान टाकलं, लग्न केलं, दोन मुलं वाढवली. मुलाची बदली झाली म्हणून महिन्यापूर्वीच ती या गावात आली होती. पायाला लागलेल्या त्या मुलाचं पुढे काय झालं, ते तिलाही माहीत नव्हतं.

आत्याचं मन भरून आलं होतं. ती म्हणाली, काय माणसं होती गं त्या वेळची. आता कोणी उभं राहतं का?

बंदरने चहाचा घोट घेतला. "त्या वेळचीही अशीच होती. आमच्या बाजारातले निम्मे दुकानदार सैनिकांना सलाम ठोकत होते. आपल्याला ऐकू यायचे ते फोन करणारे. घरात बसलेल्यांचा आवाज लाईनवर येतो कुठे?"

मग आत्याने धान्याच्या व्यापाऱ्याची हकीकत सांगितली, आपल्या गळ्याची सवय आणि तो पहिला प्रश्न. बंदर मधेच म्हणाली, पहिला कसला? आमच्याकडे त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. आमच्या एका मुलीला सर्दी झाली होती, तिचा आवाज फाटला आणि वाक्य तसं बाहेर पडलं. आत्या म्हणाली, शक्य नाही. बंदर म्हणाली, मी स्वतः शेजारी बसले होते. दोघींची चांगलीच जुंपली, आणि भाचेसुनेला घाई करून डॉक्टरांकडे न्यावं लागलं.

घरी त्या दिवसांत वातावरण बरं नव्हतं. भाच्याची मुलगी शाळेत शिकवते. कोणी मंत्री येणार म्हणून शाळेने मुलांना रस्त्याच्या कडेला भर उन्हात टाळ्या वाजवायला उभं केलं होतं. मंत्र्यांचा पत्ता नाही, दोन मुलं चक्कर येऊन पडली, तेव्हा ही आपला सगळा वर्ग घेऊन सरळ आत निघून आली. मुख्याध्यापकांनी तिला घरी बसवलं. माफी मागितलीस तर परत घेऊ, असं सांगितलं. भाचा चार दिवस लेकीशी धड बोलत नव्हता. आत्याने तोंड उघडलं नव्हतं. लहान भावाच्या मुलाच्या घरात आपण राहतो, दोन घास सुखाचे मिळतात, कशाला मधे पडा, असा तिचा हिशेब.

त्या संध्याकाळी जेवताना भाचा पुन्हा तेच बोलायला लागला. नियम सगळ्यांना असतात, आत्याकडे बघ, जन्मभर घड्याळाच्या काट्यावर नोकरी केली, कधी बोट दाखवायला जागा दिली नाही. तेव्हा भाचेसुनेने वाढता वाढता पळी भांड्यात ठेवली आणि म्हणाली, "आत्या, सांगा ना यांना."

आत्याला सांगायला वेळ लागला. भावाच्या घरात हे कधी निघालंच नव्हतं. भांडारातली बदली तिने बढती म्हणून खपवली होती. भाचा ऐकत होता, हातावरचं अन्न वाळून गेलं तरी. सगळं झाल्यावर तो म्हणाला, "आत्या, तो काळ वेगळा होता."

"तेव्हाही सगळे हेच म्हणायचे बाळा," आत्या म्हणाली. "काळ वेगळा आहे, आत्ता नको. तुझे वडीलच म्हणायचे. ते वाईट नव्हते, घाबरलेले होते. मीसुद्धा होते."

मुलीने विचारलं, "आत्याआजी, मग भीती गेली कशी?"

"गेली कुठे? घड्याळ पालथं घातलं तेव्हाही ती होतीच. आणि सगळेच नियम मोडायचे असं नाही हं. तीन मिनिटांचा नियम चांगला होता, रांगेतल्या शेवटच्याला फोन मिळायचा. तो मी नंतरही पाळला. पण मुलगा आईला 'मी आहे' म्हणतोय, आणि तू म्हणतेस नियम नाही... तिथे माणसाने ओळखायचं. तू त्या पोरांना सावलीत नेलंस, तिथे तू ओळखलंस. माफी मागायची तर ज्याने उन्हात उभं केलं त्याने मागावी."

भाचा हात धुवायला उठला आणि बराच वेळ नळाशीच उभा राहिला.

मुलीने माफी मागितली नाही. शाळेने तिला काढून टाकलं नाही, पण गावाबाहेरच्या दुसऱ्या शाखेत पाठवलं. आता तिला दोन बस बदलाव्या लागतात. भाचा त्यावरून कुरकुरतो, पण सकाळी तोच तिच्या आधी उठतो, डबा भरलाय का बघतो, आणि बस येईपर्यंत तिच्याबरोबर थांब्यावर उभा राहतो. वाटेत काय बोलतात, ते दोघांनाच ठाऊक.

आत्याचे डोळे स्वच्छ झाले. पुढे एकदा बंदर घरी आली, तेव्हा दोघींनी एकमेकींना पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि दोघींचीही थोडी निराशा झाली. बंदरला वाटलं होतं जंक्शन उंच असेल. आत्याला वाटलं होतं बंदर गोरी असेल. त्यापेक्षा फोन बरा, असं दोघींनी ठरवलं. आता दर रविवारी दुपारी त्या बोलतात. दुखणी होतात, सुनांची गाऱ्हाणी होतात, मग कोणीतरी ती गोष्ट काढतं. आत्या म्हणते, सुरुवात जंक्शनने केली. बंदर म्हणते, बंदरने. मधे आत्याने पेन्शनच्या कचेरीत विचारून विचारून खाणीच्या बाईचा पत्ता काढला, की ती तरी खरं काय ते सांगेल. खाणीची बाई आता खूप थकली आहे, दमा अजून आहे. तिने सगळं ऐकून घेतलं, खोकला आवरला, आणि म्हणाली, तुम्ही दोघीही खोटं बोलताय, सुरुवात मी केली.